साठीनंतर लग्नाशिवाय एकत्र राहायचं असेल तर कागद कसे करावेत

दोघांचीही साठी उलटलेली आहे. दोघांचे जोडीदार गेलेले आहेत किंवा कायद्याने वेगळे झालेले आहेत. मुलं आपापल्या संसारात आहेत, आणि आता लग्न न करता एका घरात राहायचं ठरतंय. अशा माणसांसाठी हे लिहिते आहे. माझी नोकरी बँकेत गेली आणि शेवटची काही वर्षं मयत खातेदारांचे दावे बघण्याचं काम माझ्याकडे होतं. नवरा गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी आणि सर एकत्र राहायला लागलो. सर निवृत्त प्राध्यापक आहेत. सोसायटीत सगळे त्यांना सर म्हणतात, मीही तेच म्हणते.

दाव्यांच्या टेबलावर एक बाई आल्या होत्या. एका गृहस्थांसोबत त्या बरीच वर्षं राहिल्या होत्या आणि त्यांच्या शेवटच्या आजारपणात सगळी सेवा त्यांनीच केली होती. फॉर्मवर ‘मयताशी नाते’ असा रकाना असतो. तिथे काय लिहायचं, असं त्यांनी मला विचारलं. कायद्याप्रमाणे त्या रकान्यात त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. असं कुणाच्याही वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि ते टाळता येतं. त्यासाठी दोघंही धडधाकट असतानाच कागद करायला हवेत.

आधी कायदा काय म्हणतो ते

दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे २०१०च्या खुशबू प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. सोसायटीतलं कुणी ‘पोलिसात जाईन’ म्हणालं तर घाबरू नका. महाराष्ट्रात अशा सहजीवनाची कुठे नोंदणीही करावी लागत नाही. उत्तराखंडात मात्र समान नागरी कायदा २७ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. तिथे राहणाऱ्या जोडप्यांना महिन्याच्या आत नोंदणी करावी लागते, नाहीतर शिक्षेची तरतूद आहे. निवृत्तीनंतर डेहराडूनला जाऊन राहायचा विचार असेल तर हे आधी बघा.

गुन्हा नाही म्हणजे हक्क मिळाले असं मात्र नाही. हिंदू वारसा कायदा १९५६चा आहे, आणि त्यातल्या वारसांच्या यादीत सोबतीला राहणाऱ्या माणसाचं नाव कुठेच नाही. वीस वर्षं एका ताटात जेवलात तरी मृत्युपत्राशिवाय एक रुपयाही मिळत नाही.

पहिलं काम म्हणजे दोघंही मोकळे आहेत याचा कागद हातात घेणं. आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. ‘आम्ही पंधरा वर्षं वेगळेच राहतो’ म्हणजे घटस्फोट झाला असं होत नाही. समोरचा माणूस विवाहित आहे हे माहीत असून त्याच्यासोबत राहिलेल्या स्त्रीला कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३च्या इंद्रा सर्मा प्रकरणात सांगितलं. कागद मागताना संकोच वाटतो, वाटू दे. मी सरांकडे मागितला तेव्हा त्यांनी दाखला आणून दिला आणि माझ्याकडचा मागून घेतला.

लग्न का नाही, हे स्वतःला विचारा

साठीनंतर लग्न टाळण्यामागे बहुतेकदा पेन्शन असते. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५च्या पेन्शन योजनेत विधवेची पेन्शन पुनर्विवाह केला की थांबते. सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियम खात्याखात्यात वेगळे आहेत आणि मधल्या काळात बदललेही आहेत. ऐकीव माहितीवर ठरवू नका, आपल्या खात्याकडून लेखी उत्तर घ्या. दुसरं कारण इस्टेटीचं. लग्न झालं की नवी बायको पहिल्या वर्गातली वारस होते आणि मुलांच्या बरोबरीने वाटा मागू शकते. मुलांच्या पोटात गोळा येतो तो यानेच.

पण माझं एक ठाम मत आहे. जिच्या नावावर घर नाही, जिची स्वतःची पेन्शन नाही, जी त्या माणसाच्या भरवशावर आपलं बिऱ्हाड मोडून येणार आहे, तिने सहजीवनाच्या गोष्टी ऐकून घेऊ नयेत. तिने लग्न करावं आणि ते नोंदवावं. एकटी पडलेली बाई घरात आणायची, तिच्याकडून औषधपाणी आणि स्वयंपाक करून घ्यायचा, आणि ‘लग्न कशाला, आपलं वय आहे का’ असं म्हणायचं, हे मी पाहिलेलं आहे. अशा वेळी सहजीवन हे बिनपगारी चाकरीचं सभ्य नाव ठरतं. दोघंही आपापल्या पायावर उभे असतील तरच पुढचं वाचा.

मुलांशी बोलणं

वकिलाकडे जाण्याआधीचं हे काम आहे आणि सगळ्यात जड आहे. प्रत्येकाने आधी आपल्या मुलांशी एकट्याने बोलावं. जोडीदाराला शेजारी बसवून बातमी देऊ नये. मुलांना परक्या माणसापुढे नीट रागावताही येत नाही, आणि तो राग मग मागाहून सुनेच्या किंवा जावयाच्या तोंडून बाहेर पडतो. मुलांची परवानगी मागू नका, त्यांना सांगा. पण ठरल्यावर चार महिन्यांनी नव्हे, ठरत असतानाच सांगा.

इस्टेटीचा विषय पहिल्याच बैठकीत आपणहून काढा. मुलांच्या मनात तो असतोच, फक्त तोंडावर येत नाही. मी माझ्या मुलाला सरळ सांगितलं, “फ्लॅट तुझाच आहे, तसं लिहून ठेवणार आहे. सरांना फक्त राहायची सोय ठेवणार.” त्यावर त्याचा चेहरा सैल झाला, आणि मग त्याने जे विचारलं ते मला महत्त्वाचं वाटलं. “आई, सर अंथरुणाला खिळले तर त्यांचं कोण करणार? तू?” हा प्रश्न सरांच्या मुलीलाही माझ्याबद्दल पडला होता. त्याचं उत्तर आम्ही चौघांनी मिळून ठरवलं. किरकोळ आजारपण आम्ही एकमेकांचं काढायचं. दीर्घ आजार आला तर माणूस ठेवायचं, त्याचा खर्च आजारी माणसाच्या पैशातून, आणि निर्णयात त्याची मुलं असणार. आमच्यातलं कुणीही दुसऱ्याची फुकटची नर्स नाही. हे बोलायला कठीण होतं, पण त्यानंतर सरांची मुलगी मला आपणहून फोन करायला लागली.

कुणाला ‘आई’ किंवा ‘बाबा’ म्हणायला लावू नका. काका, मावशी पुरतं. माझ्या नवऱ्याचा फोटो भिंतीवर आहे आणि त्याच्या शेजारी सरांच्या पत्नीचाही. पितृपक्षात दोघांची पानं वाढली जातात. गेलेल्या माणसाला घरातून हलवलं नाही हे मुलं फार बारकाईने बघतात.

अजून सोबती मिळायचा असेल आणि शोध चालू असेल, तर पुण्यात माधव दामले यांनी सुरू केलेली ‘हॅपी सीनियर्स’ ही संस्था ज्येष्ठांच्या भेटीगाठी आणि सहली घडवून आणते. ओळख चारचौघांत वाढलेली बरी.

घर

घर भाड्याचं असेल तर लिव्ह अँड लायसन्सच्या करारात दोघांचीही नावं भाडेकरू म्हणून घाला. एकाचंच नाव असेल आणि तोच गेला, तर दुसऱ्याला घरमालक दुसऱ्या दिवशी सामान आवरायला सांगू शकतो. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने हा करार नोंदवणं सक्तीचं आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. एजंट ‘नोटरी करून टाकू’ म्हणाला तर ऐकू नका. नोंदलेला करार पुढे दोघांच्याही पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो.

घर एकाच्या मालकीचं असेल तर गोष्ट नाजूक आहे. आम्ही माझ्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी आधी गेले तर सरांचा त्या घरावर कायद्याने काही हक्क नाही. म्हणून माझ्या मृत्युपत्रात असं लिहिलं आहे: फ्लॅट मुलाचा, पण माझ्या पश्चात सरांना एक वर्ष विनाभाडं राहता येईल, त्या काळात सोसायटीचा मेंटेनन्स आणि वीजबिल ते भरतील, मालमत्ता कर मुलगा भरेल, त्यांनी घर भाड्याने देऊ नये, मुदत संपल्यावर ताबा मुलाकडे. मसुदा मुलाला वाचायला दिला तेव्हा त्यानेच सांगितलं, “एक कशाला, दोन कर.” दोन केलं. मुदत, बिलं, ताबा ही तीन वाक्यं नसली की चांगली माणसंही कोर्टात जातात.

सोसायटीच्या कागदांकडेही बघा. सहकारी संस्था कायद्यात २०१९मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थेत सहयोगी सभासद कोण होऊ शकतो याची यादीच आहे: नवरा-बायको, आईवडील, भावंडं, मुलं, सून-जावई, भाचे-पुतणे. सोबती त्या यादीत नाही. त्यामुळे सेक्रेटरीला भेटून ‘यांचं नाव लावून टाका’ म्हणण्याने काही होत नाही. नॉमिनी म्हणून नाव देता येतं. पण नॉमिनी हा खरा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो. आमच्या घरात नॉमिनी मुलगाच आहे, आणि मृत्युपत्रही त्याच्याच नावे असल्याने गोंधळ नाही.

फ्लॅट सोबत्याला बक्षीसपत्राने देऊ नका. मुलांना किंवा नवरा-बायकोला राहतं घर देताना मुद्रांक शुल्कात जी मोठी सवलत मिळते ती सोबत्याला मिळत नाही, आणि वर त्याला प्राप्तिकरही बसतो. द्यायचंच असेल तर मृत्युपत्राने द्या. त्यावर प्राप्तिकर नाही.

पैसे

घरखर्चाचं एक संयुक्त खातं उघडा. दोघांनी दर महिन्याला ठरावीक रक्कम त्यात टाकावी. किराणा, गॅस, वीज, कामवाल्या मावशींचा पगार त्यातूनच जावा. बाकी सगळं वेगळं ठेवा. पेन्शनचं खातं आहे तसंच राहू द्या.

प्राप्तिकराच्या नजरेत सोबती हा नातेवाईक नाही. नवऱ्याने बायकोला कितीही रक्कम भेट दिली तरी तिच्यावर कर लागत नाही. सोबत्याने वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त भेट दिली, तर घेणाऱ्याच्या उत्पन्नात ती सगळीच्या सगळी रक्कम धरली जाते. ‘माझी एफडी मोडली, तुझ्या खात्यात टाकते’ असं सहज म्हणून करू नका. उसने दिले असतील तर दोन ओळींचा कागद करा आणि परतफेड चेकनेच करा.

एफडी दोघांच्या नावे ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (म्हणजे दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो) केली तरी एक गोष्ट राहून जाते. एक जण गेल्यावर मुदतीआधी मोडायची झाली, तर तशी दोघांच्या सहीची सूचना आधी दिलेली असावी लागते. नाहीतर बँक मयताच्या वारसांच्या सह्या मागते. एफडी करतानाच तो फॉर्म मागून भरा. काउंटरवरचा माणूस बऱ्याचदा आपणहून देत नाही.

आता नॉमिनी. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला आणि ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, प्रत्येकाचा टक्का लिहून. सोबत्याला त्यात घेता येतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हाती रक्कम देऊन मोकळी होते, आणि वारस ती त्याच्याकडून मागू शकतात. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३मध्येच हे सांगितलं होतं, आणि शेअर-म्युच्युअल फंडांबाबत २०२३मध्ये पुन्हा सांगितलं. म्हणून जो नॉमिनी आहे त्याचंच नाव मृत्युपत्रातही त्याच रकमेपुढे असू द्या. एकीकडे सोबती आणि दुसरीकडे मुलगी असे कागद माझ्या टेबलावर यायचे, आणि त्यांचे वाद वर्षानुवर्षं चालायचे.

मृत्युपत्र

हे टाळू नका. बाकी सगळं राहिलं तरी चालेल, हे नको. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. तुम्ही सही करताना दोन साक्षीदार समोर हवेत आणि त्यांनीही सही करायला हवी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण निवडा, नाहीतर गरजेच्या वेळी तेच नसतात. एक साक्षीदार नेहमीचे डॉक्टर असले तर उत्तम. त्याच दिवशी त्यांच्याकडून ‘मनःस्थिती ठीक आहे’ असं प्रमाणपत्रही घ्या. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी दुय्यम निबंधकांकडे जाऊन करा. साठीनंतरच्या सोबत्याचं नाव असलेल्या मृत्युपत्रावर ‘दबावाखाली केलं’ हाच आरोप पहिला होतो. निबंधकासमोर स्वतः जाऊन केलेली सही त्याला बरंच उत्तर देते.

कारणही लिहा. माझ्यात सरळ लिहिलं आहे की अमुक हे माझे सोबती, त्यांच्यासाठी एवढी तरतूद मी राजीखुशीने करते, आणि माझ्या मुलाला याची पूर्ण कल्पना आहे.

मूल नसलेल्या विधवांनी तर आजच बसून लिहावं. हिंदू वारसा कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे तिने स्वतःच्या पगारातून घेतलेलं घरही, मृत्युपत्र नसेल तर, आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिचे आईवडील त्यानंतर येतात, भाऊ-बहीण त्याहून मागे. सोबती तर कुठेच नाही. ज्या दिराने कधी चौकशी केली नाही तो किल्ली मागायला येतो. माझ्या माहितीत हे घडलं आहे, आणि ती आठवण आली की अजून संताप होतो.

गोव्याच्या वाचकांनी तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नये. तिथल्या नागरी संहितेत मुलांचा अर्धा वाटा राखीव असतो. मुस्लीम वाचकांना वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही.

दवाखाना

भरती करताना फॉर्मवर ‘नाते’ विचारतात. तिथे पती किंवा पत्नी लिहू नका. घाईत नर्सनेच लिहिलं तर खोडून घ्या. विम्याच्या कागदाशी ते जुळत नाही आणि दावा अडकतो. पेन्शन घेणाऱ्या विधवेने तर हे कुठल्याच फॉर्मवर करू नये. आम्ही ‘सोबती’ लिहितो आणि खाली मुलाचा फोन नंबर देतो. आरोग्य विमाही वेगवेगळा ठेवा, कारण फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीत, बहुतेक कंपन्या नवरा-बायको, मुलं आणि आईवडील एवढेच घेतात.

माणूस शुद्धीवर असला की संमती त्याचीच. प्रश्न येतो तो शुद्ध हरपल्यावर. त्यासाठी आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे लिव्हिंग विल, करून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. यात आपल्या वतीने बोलणाऱ्या एकाहून जास्त माणसांची नावं देता येतात. मी सर आणि मुलगा दोघांची दिली आहेत. सरांच्या कागदात मी आणि त्यांची मुलगी. सोबत्याचं एकट्याचं नाव देऊ नका. उपचार थांबवण्याचा निर्णय एकट्याच्या डोक्यावर टाकणं त्याच्यावर अन्याय आहे, आणि मुलांवरही. एक प्रत महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक घरच्या डॉक्टरांकडे द्या. स्मृतिभ्रंशाची भीती असेल तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली साध्या कागदावर कुणालाही आपला प्रतिनिधी नेमता येतो, सोबत्यालासुद्धा.

शव ताब्यात घ्यायला रुग्णालय नातेवाईकच मागतं. त्यामुळे दोघांच्या मुलांचे नंबर दोघांच्याही फोनमध्ये हवेत. अंत्यविधी कसा, कुठे, देहदान करायचं का, हे लिहून मुलांना आधीच वाचायला द्या. देहदानाला शेवटी घरच्यांचीच साथ लागते.

आपसातला करार

५०० रुपयांच्या मुद्रांकावर दोघांनी एक करार करून नोटरी करावा. तो केल्याने लग्न झालं असं होत नाही आणि वारसाहक्कही मिळत नाही. त्यात एवढं असावं: आम्ही स्वेच्छेने एकत्र राहतो, आमचं लग्न झालेलं नाही; घर कुणाचं; खर्च कसा; घरात कोणती वस्तू कुणाची; वेगळं व्हायचं झालं तर किती दिवसांची सवड. आम्ही तीन महिने लिहिले आहेत. दागिन्यांची यादी जोडली आहे, कारण पुढे भांडण सोन्यावरूनच होतं.

घरात मारहाण, हाकलून देणं, पैसे अडवणं असं काही झालं तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, लग्न नसलं तरी, विवाहासारख्या संबंधातल्या स्त्रीला दाद मागता येते. त्यासाठी दोघंही लग्नाला मोकळे असावे लागतात, बराच काळ एकत्र राहिलेले असावे लागतात आणि समाजात जोडप्यासारखे वावरत असावे लागतात. जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

तरुण जोडपी मला कधीकधी विचारतात. त्यांच्यासाठी यातलं बरंचसं तसंच लागू आहे; फक्त पीएफचं बघा. कुटुंब असलेल्या सभासदाला पीएफसाठी कुटुंबाबाहेरचा नॉमिनी देता येत नाही, दिला तरी ग्राह्य धरत नाहीत. आणि मूल झालं तर जन्मदाखल्यावर दोघांचीही नावं पहिल्याच दिवशी घाला.

हे सगळे कागद एका फायलीत लावा आणि पहिल्या पानावर यादी करा: कोणता कागद, मूळ कुठे, प्रत कुणाकडे. बँक लॉकरमध्ये मृत्युपत्राची मूळ प्रत ठेवू नका, कारण लॉकर उघडायलाच आधी मृत्यूचा दाखला आणि नॉमिनी किंवा वारस लागतात. आमची फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. ती कुठे आहे हे माझ्या मुलाला माहीत आहे, सरांच्या मुलीला माहीत आहे, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनाही माहीत आहे, कारण मुलं येईपर्यंत पहिल्यांदा धावून येणार त्याच आहेत.